आठशे मीटर आणि बत्तीस वर्षे

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर ‘महाराष्ट्राच्या लांब पल्ल्याच्या धावपटू’ असा विषय छापला आहे आणि धावपटू कविता राऊत यांच्या सावरपाड्यापर्यंत मी आपल्याला नेणारच आहे. मात्र माझी वाट अ‍ॅमस्टरडॅमवरून जाते आणि त्या गावाशी माझे जुने भांडण असल्यामुळे तिथे थोडा मुक्काम पडेल.

१९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना प्रथमच ८०० मीटर धावू दिले गेले. अंतिम फेरीत नऊ जणी उतरल्या, नऊही जणींनी शर्यत पुरी केली आणि जर्मनीच्या लीना राडके यांनी २ मिनिटे १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. जीव तोडून धावलेला माणूस जसा धापा टाकत जमिनीवर टेकतो, तशा काही जणी शेवटी टेकल्या. एका अमेरिकन वार्ताहराने मात्र अकरा जणी धावल्या आणि त्यांतल्या पाच जणींनी शर्यत मध्येच सोडली, असे लिहिले. नवाचे अकरा करणाऱ्या या गृहस्थांना आमच्या गल्लीत कोणी भिशीचा हिशेबही दिला नसता. पण अशाच बातम्यांचा आधार घेऊन स्त्रियांना हे अंतर झेपत नाही असे ठरले आणि ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये परतली ती थेट बत्तीस वर्षांनी, १९६० साली, रोममध्ये. १९०८ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये इटलीचे दोरांदो पिएत्री अखेरच्या टप्प्यात पुन्हा पुन्हा कोसळले आणि पंचांनी हात दिल्यामुळे बादही झाले, तेव्हा राणीने त्यांना चषक दिला. पुरुषांची मॅरेथॉन बंद करावी असे त्यामुळे ठरले नाही. माझा मुद्दा एवढाच, की अडथळा पायांत नव्हता, बघणाऱ्यांच्या डोळ्यांत होता.

आमच्या शाळेतही मुलांना १५०० मीटर आणि मुलींना लिंबू-चमचा असे. माझ्या धाकट्या बहिणीने त्यात मिळवलेल्या स्टीलच्या डब्यात आई अजून मोहरी ठेवते.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आता झपाट्याने. १९६६ मध्ये बॉबी गिब बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये झुडपाआडून शिरल्या. पुढच्या वर्षी कॅथरीन स्वित्झर स्वतःच्या नावाची फक्त आद्याक्षरे देऊन क्रमांक मिळवून धावल्या, तेव्हा एक अधिकारी तो क्रमांक ओढून काढायला त्यांच्या अंगावर धावून गेला. बोस्टनने स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला तो १९७२ मध्ये आणि ऑलिम्पिकने स्त्रियांची मॅरेथॉन घेतली ती १९८४ मध्ये.

आता आपल्याकडे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी हे अंतर १९८८ मध्येच आले होते. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर यांची ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत, तर ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी २००८ पर्यंत नव्हतीच. २०१६ मध्ये रिओत त्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री मिळायलाही १९८४ पासून बत्तीसच वर्षे लागली, हा योगायोग मला अजून सोडत नाही; पण कार्यवाह आता उभेच राहिले आहेत.