पाळीचं दुखणं आणि कपाटातली गोळी

नमस्कार श्रोतेहो.

"पाळीत दुखायचंच, लग्न झालं की थांबेल," असं आपल्याकडे मुलींना सर्रास सांगितलं जातं. मग मेडिकलमधून मेफेनॅमिक ॲसिडची गोळी येते आणि विषय तिथेच मिटतो. तो मिटू नये म्हणून मी आज एंडोमेट्रिऑसिसबद्दल बोलणार आहे.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर रुजतात. बीजकोशांवर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावरही. पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात उतरतं आणि त्यातून या पेशी जातात, असं अमेरिकेतले डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडलं. पण असं रक्त बहुतेक जणींच्या पोटात उतरतं, आजार मात्र साधारण दहातल्या एकीलाच होतो.

या फरकामागे दाहाचा, म्हणजे शरीराच्या आतल्या सुजेचा, मोठा हात असावा असं मानलं जातं. शरीराच्या रक्षक पेशी तिथे जमतात, पण या परक्या पेशी काढून टाकण्याऐवजी दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. कॉक्स-२ नावाचं एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन हे कळा आणणारं रसायन बनवतं. त्यामुळे त्या पेशी स्वतःच इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन तयार करू लागतात, आणि इस्ट्रोजेन पुन्हा कॉक्स-२ वाढवतं. शिवाय तिथे नवे मज्जातंतू फुटतात. म्हणून कळा पाळीपुरत्या राहत नाहीत. शौचाला बसताना, संबंधाच्या वेळीही दुखतं.

आपली गोळी या चक्रातलं फक्त कॉक्स अडवते. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन रोखतात हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, त्यासाठी त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं. कळ कमी होते, हे खरंच मोलाचं आहे. पण रुजलेल्या पेशी त्याने जात नाहीत. त्यांना आवरायला डायनोजेस्टसारखी हार्मोनची औषधं किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागते.

गोळी उपाशीपोटी घेऊ नका. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मूल हवं असेल तरीही विचारा, कारण बीज बाहेर पडायलाही प्रोस्टाग्लँडिन लागतं. मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित गंभीर ॲलर्जी होते, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ च्या अखेरीस दिला होता. पुरळ आणि ताप आला तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठा.

आणि मैत्रिणींनो, गोळी घेऊनही शाळा, कॉलेज, कामावरची रजा दर महिन्याला पडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. कुठे, कधी, किती दुखतं ते लिहून न्या. सोनोग्राफीत काही दिसलं नाही, तरी हा आजार असू शकतो. तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नका, पुढे काय तपासायचं ते विचारा.