निर्माल्याची पिशवी

ठाणे खाडीवरच्या एका पुलावर सकाळी साडेसातला एक गाडी कडेला थांबते. गृहस्थ उतरतात, पायांतल्या चपला काढतात, हातातली पिशवी कपाळाला लावून कठड्यावरून खाली सोडतात, हात जोडून क्षणभर उभे राहतात आणि निघून जातात. शेजारीच पाटी आहे: ‘येथे कचरा टाकू नये.’ ती त्यांना दिसली नाही असे नाही. ती आपल्यासाठी आहे असे त्यांना वाटले नाही.

पुलाच्या या टोकाला वही घेऊन उभ्या असलेल्या संशोधिका पर्यावरणविषयक वर्तनाचा अभ्यास करतात. खाडीत काय वाहून येते याच्याइतकेच, माणूस ते का टाकतो आणि कोणत्या शब्दांनी थांबतो, हे त्या पाहतात. थांबणाऱ्यांशी त्या बोलतात, आणि वारंवार मिळणारे उत्तर असे की, कचरा आम्ही टाकतच नाही. हे निर्माल्य आहे, देवाला वाहिलेले फूल पायदळी येऊ नये म्हणून ते पाण्यात सोडायचे असते. माणूस ज्या कृतीला श्रद्धा म्हणतो तिला पाटी कचरा म्हणते आणि तिथेच तिचे म्हणणे ऐकू येईनासे होते, असे संशोधिकांचे मत आहे. ते आम्हाला पूर्ण पटले.

त्या पिशवीचे पुढे काय होते ते ओहोटीला दिसते. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली ही मुळे तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाची आहेत. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिवर ही श्वसनमुळे वर काढते आणि त्यांच्यावरच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा घेते. भरतीबरोबर आलेले प्लास्टिक या मुळांत अडकते, त्यावर गाळ बसतो आणि झाकलेल्या मुळांची हवा तुटते. ही पिशवी जवळून पाहा. झेंडूची फुले कुजून गेली आहेत, हाराचा दोरा तेवढा शिल्लक आहे आणि पिशवीच्या आडोशाला एक निवटी, चिखलात राहणारा छोटा मासा, बसली आहे.

खाडीला कायद्याचे संरक्षण आहे. २०१५ साली तिचा सुमारे १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा, म्हणजे तिवरासारख्या खारफुटीच्या जंगलांचा, नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या, यादीत आली. पण भरावाचा डंपर अडवणे आणि पिशवी कपाळाला लावणारा हात वळवणे ही वेगळी कामे आहेत.

चुकीच्या शब्दांनी नुकसानही होते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ राष्ट्रीय उद्यानातून पर्यटक अश्मीभूत लाकडाचे तुकडे उचलून नेत असत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि वेगवेगळ्या मजकुराच्या पाट्या लावून पाहिल्या. पूर्वीच्या अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचे रूप पालटले, असे हळहळून सांगणारी पाटी असताना सुमारे ८ टक्के तुकडे गेले. कृपया तुकडे नेऊ नका, अशी साधी विनंती असताना २ टक्क्यांहूनही कमी. अनेकजण नेतात हे कळले की नेणे रीतीचे वाटू लागते. म्हणूनच, ‘सगळेच इथे घाण करतात’ अशा तळमळीने लिहिलेल्या आपल्याकडच्या फलकांची संशोधिकांना धास्ती वाटते.

त्यांच्या नव्या मजकुरात ‘कचरा’ हा शब्दच नाही. ‘निर्माल्य पायदळी येऊ देऊ नका. ते कलशात द्या, त्याचे खत होऊन फुलझाडांना मिळेल. पिशवी घरी न्या.’ हा मसुदा घेऊन त्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात गेल्या, तेव्हा तिथल्या एका मावशींनी आणखी एक शब्द बदलायला लावला. फलकाच्या खालच्या ओळीत ‘कांदळवन’ लिहिले होते. मावशींच्या तोंडी ते ‘तिवर’ आहे, आणि कांदळवन म्हटले की त्यांना कचेरी आठवते. चित्रात फ्लेमिंगोच का, हेही त्यांनी विचारले. फ्लेमिंगो पावसाळ्याआधी निघून जातात, जाळे बारा महिने लागते आणि त्यात चिंबोरीसोबत पिशव्या येतात. आता चित्रात चिंबोरी आहे. आमच्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा बदल आहे, कारण तो खाडीवर पोट असलेल्या माणसाने सुचवला.

तरीही फलक एकट्याने काही करू शकत नाही. ठाण्यात अनेक कुटुंबांनी गणपतीचे विसर्जन कृत्रिम तलावात करायला सुरुवात केली, त्यामागे आवाहन होतेच. पण तलाव घराजवळ होता, आरतीला जागा होती आणि शेजारच्यांचा गणपती तिथेच जाताना डोळ्यांना दिसत होता. पुलावर यातले काहीच नाही. निर्माल्य कलश दुसऱ्या टोकाला, गाडी उभी करता येत नाही अशा जागी आहे. गाड्या थांबतात तिथून कलशापर्यंतची पावले संशोधिकांनी मोजली आहेत आणि कलश अलीकडे आणावा, असे पत्र दिले आहे. तोवर आठवड्यातून दोन दिवस त्या एक मोठी परडी घेऊन इथेच उभ्या राहतात.

आणखी एक गाडी थांबते. बाई पिशवी घेऊन उतरतात, परडीकडे पाहतात, पिशवीची गाठ सोडून फुले हलक्या हाताने परडीत ठेवतात आणि रिकामी पिशवी घडी करून पर्समध्ये टाकतात. संशोधिका वहीत वेळ लिहितात.