वय वर्षं अठरा

(दृश्य: गणवेशातला फोटो)

हा जेम्स मार्टिन. घरी जिम. जन्म 3 जानेवारी 1901, ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या टोकमवल गावचा. पाच बहिणींमधला एकुलता भाऊ. शाळेत कॅडेटची कवायत शिकला आणि शाळा सुटल्यावर शेतावर मजुरीला लागला. फोटोत छाती काढून उभा आहे, थोराड दिसतो.

(दृश्य: भरतीचा अर्ज, वयाचा रकाना)

आता हा कागद बघा. पहिलं महायुद्ध चालू आहे, ऑस्ट्रेलियन सैन्याची भरती. तारीख 12 एप्रिल 1915, ठिकाण मेलबर्न. वयाच्या रकान्यात अठरा वर्षं. खरं वय चौदा वर्षं तीन महिने.

जन्मदाखला दाखवावा लागत नव्हता. उमेदवार सांगेल ते वय लिहून घ्यायचे. एकविसाच्या आतल्यांना आईवडिलांची लेखी संमती लागायची, एवढीच काय ती आडकाठी. जिमचे वडील स्वतः भरतीला गेले होते, त्यांना नापास केलं. मग मी जातो, असं पोराने घरात जाहीर केलं. नाही म्हणालात तर दुसऱ्या नावाने जाईन आणि एक पत्रसुद्धा टाकणार नाही, ही वर धमकी. निदान खुशाली तरी कळेल, म्हणून आई अमीलियाने संमती लिहून दिली.

आईला बोल लावणं सोपं आहे. पण भरतीचं टेबल तिने मांडलं नव्हतं. वय लिहून घेणारा कारकून, तपासणारा डॉक्टर, शपथ देणारा अधिकारी, या सगळ्यांच्या समोरून हा मुलगा गेला. एकानेही हटकलं नाही. माणसं हवी होती.

(दृश्य: बंदर, जहाज)

21वी बटालियन. जूनअखेर मेलबर्न सोडलं, पुढे इजिप्त. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीकडे जाताना 2 सप्टेंबरला ‘साउथलँड’ जहाजावर पाणतीर आदळला. जिम चार तास समुद्रात होता. त्यानंतर आठवडाभरात तो खंदकात दाखल झाला.

(दृश्य: कोर्टनीज पोस्टचा उतार, आजचा. मग पत्र)

कोर्टनीज पोस्ट हे गॅलिपोलीतलं त्याचं ठाणं, तुर्की खंदक हाकेच्या अंतरावर. जिम घरी लिहितो, काळजी करू नका, माझं इथे झकास चाललंय. तक्रार एकच, घरचं पत्र अजून मिळालेलं नाही.

(दृश्य: उघडा समुद्र)

ऑक्टोबरमध्ये विषमज्वर. 25 तारखेला ‘ग्लेनार्ट कॅसल’ या इस्पितळ-जहाजावर आणलं, त्याच संध्याकाळी हृदय बंद पडलं. दफन समुद्रातच. डिसेंबरात फौजा माघारी निघाल्या.

(दृश्य: लोन पाइन स्मारक, नावांच्या रांगा)

कबर नसलेल्या 4,900हून अधिक सैनिकांची नावं गॅलिपोलीतल्या या स्मारकावर कोरली आहेत. 21व्या बटालियनच्या रांगेत जिमचंही आहे. पहिल्या महायुद्धात मेलेला सर्वांत लहान ऑस्ट्रेलियन सैनिक म्हणून आज त्याची नोंद सांगतात. ज्ञात असलेल्यांपैकी, असं मात्र त्यात जोडावं लागतं. अठराचा आकडा सांगून गेलेला तो एकटा नव्हता, आणि या भिंतीवर वयं लिहिलेली नाहीत.