एका चौरस मीटरमध्ये किती माणसं?

(दृश्य: रस्त्यावर खडूनं आखलेला चौकोन. त्यात एकेक माणूस येऊन उभा राहतो.)

एक मीटर लांब, एक मीटर रुंद. या चौकोनात दोघं उभे असले तर ऐसपैस वाटतं. चार झाले की खांद्याला खांदा लागतो, चाल मंदावते, पण पाऊल अजून आपल्या मर्जीनं पडतं. सहा-सात झाले की मर्जी संपते. मागून आलेला रेटा अख्ख्या गर्दीतून लाटेसारखा सरकतो. पाय जमिनीवरून उचलले जातात. खाली अडकलेला हात वर काढता येत नाही.

फिलिपिन्सची राजधानी मनिला हे जगातल्या सर्वांत दाट शहरांपैकी एक. तिथं चौरस किलोमीटरला ४० हजारांहून जास्त लोक राहतात. तरीही हिशेब केला तर माणशी वीस-पंचवीस चौरस मीटर जागा येतेच. म्हणून शहर दाट आहे एवढ्यानं कुणी चेंगरत नाही. जीव जातो तो एखाद्या जिन्यात, पुलावर, फाटकाशी, जिथं सगळे एकाच वेळी येऊन पोचतात.

(दृश्य: अरुंद, उतरती गल्ली.)

दक्षिण कोरियाची राजधानी सोल, २९ ऑक्टोबर २०२२. इटेवॉन भागातली जेमतेम तीन-साडेतीन मीटर रुंदीची गल्ली. हॅलोविन या सणाआधीची शनिवारची रात्र, दोन्ही टोकांकडून लोक आत शिरत होते. १५९ जण गेले, बहुतेक तरुण. धोक्याची सूचना देणारा पहिला फोन पोलिसांना संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी गेला होता. अनर्थ घडला रात्री दहानंतर. मधले साडेतीन तास हाताशी होते, ही गोष्ट सहन होत नाही.

अशा घटनेनंतर हमखास म्हटलं जातं, ‘लोक घाबरले, पळत सुटले.’ हे मेलेल्यांवर अन्याय करणारं आहे. पळायला जागाच नसते. छाती फुगायला जागा उरत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. मागच्याला पुढचं काही दिसत नाही. तो फक्त एक पाऊल पुढे टाकतो.

म्हणून उपाय गर्दीच्या मध्यात सापडत नाही. तो करावा लागतो बराच मागे: येणारा लोंढा थांबवायचा, जाण्या-येण्याच्या वाटा वेगळ्या ठेवायच्या, चौकोनात चौथा माणूस दिसला की फाटक बंद करायचं.

आणि तुम्ही स्वतः अडकलात तर दोन्ही हात छातीसमोर धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहील. रेट्याविरुद्ध ढकलू नका. तो ओसरला की तिरके तिरके कडेला सरका. खाली पडलेलं काहीही उचलायला वाकू नका, मोबाइलसुद्धा नाही. शेजारचा पडला, तर मात्र त्याला लगेच उभं करा.