पंधरा वर्षांनी आलेलं पीक

श्रोतेहो, नमस्कार. आज ‘स्टार ट्रेक’बद्दल बोलायचंय. अंतराळयान म्हटलं की आपल्याकडं काहीजण रेडिओचा कान पिळून दुसरं स्टेशन लावतात. जरा दम धरा, यात सूड आहे.

या अमेरिकी मालिकेचा ‘स्पेस सीड’ हा भाग 1967 च्या फेब्रुवारीत दाखवला गेला. ‘बॉटनी बे’ नावाच्या जुन्या यानात झोपवून ठेवलेला खान नावाचा जुन्या काळचा हुकूमशहा जागा होतो, कॅप्टन कर्कचं यान बळकावू बघतो आणि हरतो. कर्क त्याला साथीदारांसह एका रानटी ग्रहावर सोडतो. निघताना कर्कचा सहकारी स्पॉक सहज म्हणतो, आज पेरलेल्या या बियाचं शंभर वर्षांनी काय पीक आलं ते बघायला यायला हवं. शंभर कसली, 15 वर्षांतच पीक उभं राहिलं! 1982 चा ‘द रॅथ ऑफ खान’ हा चित्रपट त्याच खानाच्या सूडाचा.

भाग लिहिताना चित्रपट कुणाच्या डोक्यातही नव्हता. निर्माता हार्व्ह बेनेटनं जुने भाग बसून बघितले आणि हा सुटलेला धागा उचलला. आधीपासून आखून ठेवलेल्या खुणांपेक्षा मला हे जास्त आवडतं.

चित्रपटात कर्कचा जुना सहकारी चेकॉव्ह वाळूतल्या एका खोपटात शिरतो. तिथं एका पट्ट्याच्या बकलावर त्याला ‘बॉटनी बे’ ही अक्षरं दिसतात आणि त्याचा चेहरा पडतो. मालिका पाहिलेल्याच्या छातीत तिथंच धस्स होतं, बाकीच्यांना खुलासा मागाहून. तिथल्याच फळीवर ‘मोबी डिक’ ही कादंबरी आहे. कॅमेरा क्षणभरच थांबतो, पण शेवटी मरताना खान त्यातल्याच सूडानं पेटलेल्या कप्तान आहॅबचे शब्द बोलतो. आता गंमत बघा, खान चेकॉव्हला चेहऱ्यावरून ओळखतो, आणि ‘स्पेस सीड’मध्ये चेकॉव्ह नव्हताच! तो नट दुसऱ्या सीझनला आला. चाहते म्हणतात, असेल यानातच, कुठंतरी खालच्या मजल्यावर. चालू द्या.

खरी करामत स्पॉकच्या मरणाची. तो मरणार ही बातमी आधीच फुटली होती. आपल्या बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथापुढं उभ्या माणसाला पुढं काय होणार ते पाठ असतं, तरी तो रात्रभर हलत नाही. पण सिनेमावाल्यांना प्रेक्षक गाफील हवा होता. म्हणून त्यांनी स्पॉकला सुरुवातीलाच मारून टाकलं, तेही कॅडेटांच्या खोट्या परीक्षेत. नंतर कर्क त्याला विचारतो, तू मेला नव्हतास? प्रेक्षक हसतात, म्हणजे एवढंच होतं होय! अन् निर्धास्त होतात. मग शेवटी तो खरंच जातो, तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही.

जाण्याआधी स्पॉक बेशुद्ध डॉक्टर मॅकॉयच्या चेहऱ्यावर हात ठेवून एकच शब्द बोलतो, ‘रिमेंबर’. पुढं वाट मोकळी राहावी म्हणून बेनेटनं तो आयत्या वेळी घालून घेतला, आणि 1984 चा तिसरा चित्रपट त्या एका शब्दावर उभा राहिला. तेव्हा बघणार असाल तर क्रम चुकवू नका, आधी ‘स्पेस सीड’, मग हे दोन्ही चित्रपट.