घंटीसाठी जागा

(पुण्यातला कर्वे रस्ता, सकाळी नऊ. सायकलच्या हँडलवर बसवलेल्या कॅमेऱ्यातून.)

तिचे हात बघा. रस्ता बघायची गरज नाही, तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

हात हँडलच्या मधल्या आडव्या भागावर आहेत. पाठ ताठ, मान वर. पुढचं सगळं दिसतंय. ब्रेक मात्र तिथे नाहीत. ते वीतभर पुढे, हँडल वाकून खाली जातं त्या वळणावर. समोरची रिक्षा हात न दाखवता थांबते. तिचे हात सरकतात, ब्रेकच्या लिव्हरच्या बुडावरचं रबरी आवरण, म्हणजे हुड चाचपतात, बोटं लिव्हर शोधतात. अर्धा सेकंद गेला. वेग ताशी 20 किलोमीटर धरला तर तेवढ्यात सायकल पावणेतीन मीटर पुढे आलेली असते. रिक्षा साधारण एवढीच लांब असते.

रोड बाइक, म्हणजे शर्यतीच्या धाटणीची सायकल, हौसेने घेतलेल्या अनेकांची हीच तऱ्हा. हँडल वाकडं, पण धरायचं सरळ हँडलसारखं. जुने सायकलवाले सांगतात, हात हुडवर ठेवायची सवय लावा. खरंच आहे त्यांचं. पण खड्डा, सिग्नल आणि उलट्या दिशेने येणारी स्कूटर एकदम सांभाळायची वेळ आली की माणूस ताठच बसतो. मीही बसतो.

(सायकल दुरुस्तीचं दुकान. बाकावर प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन छोट्या लिव्हर.)

"दाबून बघा ताई," दुकानवाले काका म्हणतात. ती दाबते. बोटाएवढी लिव्हर, चाल अगदी थोडी.

"एवढीशी? काका, याने थांबेल का सायकल?"

"तुमची आहे ती लिव्हर तशीच राहणार. ही वरची, जास्तीची."

वरून जास्तीचे ब्रेक लावायची कल्पना जुनी आहे. 1970 च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या स्वस्त रोड बाइकवर मूळ लिव्हरच्या बिजागरीलाच एक लांब दांडी जोडलेली असे, हँडलच्या आडव्या भागाखालून जाणारी. दिसायला सोय, प्रत्यक्षात धोका. दाबली की दांडी लवायची, अर्धी चाल फुकट जायची, आणि ब्रेक नीट लावलेला नसेल तर चाक धरण्याआधीच ती हँडलला टेकायची. शिवाय तिच्यासाठी हुडचं रबर काढावं लागे, म्हणजे हात ठेवायची सगळ्यात चांगली जागा गेली. तिला मिळालेली टोपणनावंही तशीच होती. एकाचा अर्थ सरळ 'आत्महत्येची लिव्हर'.

काकांच्या बाकावर आहे ती वेगळी जात. तिला इंटरप्टर लिव्हर म्हणतात, कोणी क्रॉस लिव्हरही म्हणतं, कारण चिखलातून, अडथळ्यांवरून होणाऱ्या सायक्लोक्रॉस शर्यतींमधल्या सायकलींवर ती दिसू लागली. ही वायर ओढतच नाही.

(जवळून: लिव्हर दाबताना उघडणारी फट. आत वायरचा चकाकणारा तुकडा.)

ब्रेकच्या केबलमध्ये दोन गोष्टी असतात. आत वायर, बाहेर तिचं कडक आवरण, म्हणजे आउटर. 1896 च्या बोडेनच्या पेटंटपासून तत्त्व तेच: वायर ताण घेते, आउटर दाब सोसतं. आता परकराची नाडी आठवा. एक टोक ओढलं की दुसऱ्या बाजूची नाडी नेफ्यात आत जाते. मूळ लिव्हर हेच करते. पण टोक पक्कं धरून गोळा झालेला नेफाच ताणून लांब केला, तरी दुसऱ्या बाजूची नाडी आखूड होतेच की! इंटरप्टर नेफा ताणते. आउटर मध्येच कापायचं, दोन तुकड्यांच्या मध्ये लिव्हर बसवायची. दाबली की ती दोन्ही तुकडे एकमेकांपासून दूर ढकलते, आणि तिकडे चाकाशी ब्रेकचे दोन हात जवळ येतात. मूळ लिव्हर दाबली, तर वायर हिच्या पोटातून नुसती सरकून जाते. कोणाची कोणाला आडकाठी नाही.

हायड्रॉलिक ब्रेक असतील तर ही लिव्हर चालत नाही. तिथे नळीत तेल असतं, मधे कापून काय ढकलणार?

(हँडलला मधोमध धरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे स्टेमच्या बाजूने काका हँडलवरची टेप उलगडतायत.)

आधी व्हर्नियरने जाडी मोजायची. हँडल मध्यभागी 31.8 मिलिमीटर, जुन्या हँडलांना बहुधा 26. क्लॅम्प त्या मापाचाच हवा. पत्रा घालून जमवायचं काम काका करत नाहीत. मग 5 च्या ॲलन कीने ब्रेकचा बोल्ट ढिला, वायर बाहेर. तिचं टोक विसकटलेलं. ती परत ओवली जाणार नाही, नवीनच घालायची.

आउटर कापल्यावर काका दोन मिनिटं कापलेल्या टोकाशीच घालवतात. कानशीने तोंड सपाट, मग टोच्याने आतली प्लॅस्टिकची नळी गोल उघडायची, मग टोपण. हे कंटाळवाणं दिसतं, पण ब्रेक हलका लागणार की कचकच करणार ते इथेच ठरतं.

आणि आउटर ब्रेकचंच हवं, 5 मिलिमीटरचं, आत गोल गुंडाळलेली पट्टी असलेलं. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या असतात. ब्रेकच्या जोराने त्या फाकतात. एका दुकानाने माझ्या सायकलला तेच घालून दिलं होतं. सिग्नलला ब्रेक दाबला, 'फट्' आवाज आला आणि लिव्हर थेट हँडलला टेकली. मागचा ब्रेक होता म्हणून आज हे निवेदन वाचतोय.

(काका मूळ लिव्हर दहा-बारा वेळा करकचून दाबतात.)

नवं आउटर असं दाबून बसवावं लागतं. मग वायर परत ताणायची, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं. कुठे ताण आला, चाक घासलं, तर तुकडा आखूड कापला गेलाय. इथे डावीकडे घासतंय. काका काही न बोलता नवा तुकडा कापतात.

"सिंहगडावरून उतरताना याच दाबू ना?"

"नाही ताई. उतारावर हात खाली. हे फक्त गर्दीसाठी."

कारण आडव्या भागावर दोन्ही हात जवळजवळ येतात. वेगात खड्डा आला तर हँडल आवरत नाही, आणि करकचून ब्रेक दाबताना अंगही पुढे फेकलं जातं.

(पुन्हा कर्वे रस्ता. पुन्हा रिक्षा. हात जागचे हलत नाहीत, चार बोटं मिटतात, सायकल थांबते.)

संध्याकाळी ती परत दुकानात.

"ब्रेक झकास आहेत काका. पण माझी घंटी कुठे गेली?"

घंटी काकांच्या शर्टाच्या खिशात. क्लॅम्प बसले तिथे तिची जागा होती. काका हँडलकडे बघतात, एकीकडे दिवा, एकीकडे मोबाइलचा स्टँड. शेवटी रबराच्या पट्ट्याने ती स्टेमवर आडवी बांधतात आणि अंगठ्याने एकदा वाजवून बघतात.