दोन इंच फोम आणि एक प्राध्यापक: मधु दंडवते

[कॅमेऱ्यासमोर. मांडीवर जुना होल्डॉल.]

हे ओळखलंत का? पंचविशीच्या आतली मंडळी बहुतेक नाहीच म्हणतील. हा होल्डॉल. जाड कॅनव्हासची वळकटी, आत गादी, उशी, चादर, सगळं गुंडाळायचं आणि वरून पट्टे आवळायचे. आमच्या माळ्यावर सापडला. पूर्वी गाडीचा लांबचा प्रवास ठरला की आधी हा खाली काढायचे, कारण साध्या डब्यात झोपायचं ते उघड्या लाकडी फळीवर. रात्रभर कूस बदलायची आणि सकाळी उतरल्यावर पाठ धरायची.

१९७४ साली रेल्वेने थर्ड क्लास बंद केला. म्हणजे काय केलं, तर त्यालाच सेकंड क्लास म्हणायला लागले. पाटी बदलली, फळी तीच!

मग त्या फळीवर गादी कोणी घातली? आजची गोष्ट त्या माणसाची. प्राध्यापक मधु दंडवते.

[जुना फोटो]

जन्म २१ जानेवारी १९२४, अहमदनगरचा. विषय भौतिकशास्त्र. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात, म्हणजे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कॉलेजात, ते हाच विषय शिकवायचे. समाजवादी मंडळींतले. १९४२ च्या चळवळीत होते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात तुकडी घेऊन गेले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही होते. हे मी भराभर सांगतोय, कारण त्या पिढीतल्या पुष्कळ समाजवाद्यांचं चरित्र इथपर्यंत असंच असतं.

वेगळं वळण लागतं १९७१ ला. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै जानेवारीत अकाली गेले. त्यांच्या जागी उभे राहिले दंडवते. आता बघा, माणूस घाटावरचा, मतदारसंघ तळकोकणातला, देशात इंदिरा गांधींची लाट. तरी निवडून आले. आणि एकदा नाही, ओळीने पाच वेळा. कोकणी माणूस घाटावरच्याला इतक्या सहजासहजी आपला म्हणत नाही, हे मी कोकणातलाच म्हणून सांगतो.

[बंगळूरचा नकाशा]

जून १९७५. पक्षांतरबंदीच्या विधेयकावर संसदेची समिती होती, तिच्या बैठकीसाठी दंडवते बंगळूरला गेले होते. वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्रही तिथेच होते. २६ तारखेला सकाळी आणीबाणीची बातमी आली आणि चौघांनाही तिथूनच उचललं. समाजवादी आणि जनसंघवाले एका तुरुंगात! दंडवत्यांचा मुक्काम बंगळूरच्या तुरुंगात, आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई पुण्याच्या येरवड्यात. नवरा-बायकोचा संसार या तुरुंगातून त्या तुरुंगात जाणाऱ्या पत्रांवर चालला.

मार्च १९७७ ला जनता पक्ष जिंकला आणि तुरुंगातून सुटलेला हा प्राध्यापक रेल्वेमंत्री झाला.

पहिला प्रश्न समोर होता माणसांचा. १९७४ च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा वीस दिवसांचा संप झाला होता. त्यात हजारो कामगारांची नोकरी गेली होती. दंडवत्यांनी त्यांना परत कामावर घेतलं.

आणि मग तो फोम. दोन इंच जाडीचा. सेकंड क्लासच्या स्लीपरमध्ये लाकडी बर्थवर गादी बसवायची. ऐकायला किती किरकोळ वाटतं ना? मंत्री झाल्यावर माणसं नवी गाडी सुरू करतात, फीत कापतात, फोटो येतो. बर्थवरच्या गादीची फीत कशी कापणार? त्यांचं म्हणणं असं होतं की पहिल्या वर्गाला खाली खेचायचं नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचं. मला यातला समाजवाद फार आवडतो. त्यावर पाठ टेकता येते.

[जुन्या गाडीचं चित्र]

२६ डिसेंबर १९७७ ला मुंबई आणि हावडा यांच्यामध्ये गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. सुपरफास्ट गाडी, पण पहिला वर्गच नाही. सगळे एकाच वर्गात. पुढे तिला वातानुकूलित डबे लागलेच, पण सुरुवात अशी होती.

आता कोकण. मुंबईचा चाकरमानी गावाला जायचा तो एसटीच्या लाल डब्यातून, घाटांची वळणं मोजत. कोकणात रेल्वे हवी ही मागणी जुनी. दंडवत्यांनी ती सोडली नाही. दिव्याहून पनवेल, आपट्यापर्यंत आलेला रूळ १९८६ साली रोह्यापर्यंत पोचला. पुढे? पुढे डोंगर, खाड्या आणि पैशाची बोंब.

१९८९ च्या डिसेंबरात व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री मधु दंडवते. मागणारा आणि देणारा, दोघेही जुने समाजवादी सोबती! रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून हे काम झालं असतं तर कदाचित अजून चाललं असतं. म्हणून वेगळं महामंडळ काढलं. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. बाकीचा पैसा बाजारात रोखे विकून उभा करायचा. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली आणि प्रमुख म्हणून आले ई. श्रीधरन.

अर्थमंत्री म्हणून दंडवत्यांना एकच अर्थसंकल्प मिळाला. सोनं बाळगण्यावर आणि त्याच्या व्यवहारावर बंधनं घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदा त्यांनी रद्द केला. सोनारांच्या आणि ग्राहकांच्या मागचा १९६८ पासूनचा तो जाच संपला. पण सगळंच गोड सांगत नाही. दहा हजार रुपयांपर्यंतची शेतीकर्जं माफ करणारी योजना याच सरकारची, आणि तिचा भार बँकांवर पडला. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, तेल भडकलं, परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली. १९९१ च्या आर्थिक संकटाची उतरण आधीच सुरू झाली होती आणि या सरकारला ती थोपवता आली नाही. नोव्हेंबरात सरकारच पडलं.

[रोहा ते ठोकूर, नकाशावर रेघ हळूहळू पुढे सरकते]

आणि मग १९९१ ची निवडणूक. रुळाचं काम सुरू झालेलं, आणि राजापूरने दंडवत्यांना पाडलं. लोकसभेत ते परत गेले नाहीत. २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर असा ७४१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग खुला झाला, तेव्हा ते खासदार नव्हते.

१२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत ते गेले. त्यांच्या इच्छेनुसार देह जे. जे. रुग्णालयाला दिला. विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी.

तर आता तुमचं काम. गणपतीला गावी जाताना स्लीपरच्या बर्थवर बसाल, तेव्हा ती गादी एकदा बोटांनी दाबून बघा. आणि घरात कोणाला लाकडी फळीवरचा प्रवास आठवत असेल, तर कुठून कुठे गेले होते आणि होल्डॉलमध्ये काय काय कोंबलं होतं, ते विचारून खाली लिहा. आमच्या होल्डॉलमध्ये म्हणे लाडवांचा डबा उशीच्या आत असायचा.